हाताचा अंदाज

"मान इकडे टाक. खांद्यावर. हं. आता मी तीन म्हटलं की उठायचं," मास्तर म्हणाले. एक झालं, दोन झालं, आणि तीन म्हणायच्या आतच त्यांनी बायकोला पलंगाच्या कडेवरून वर घेतलं, कारण तीन म्हणायला लागणारा दमसुद्धा हल्ली राखून ठेवावा लागत होता. तिच्या दोन्ही काखांखालून हात, तिच्या लुळ्या डाव्या गुडघ्याला आपल्या गुडघ्याचा टेकू, मग अर्धं वळण, आणि मग चाकाची खुर्ची. ती खुर्चीत बसली तेव्हा मास्तरांना पलंगाचा दांडा धरून थोडा वेळ उभं राहावं लागलं.

"अगं, वाढलीस की तू!" श्वास परत आल्यावर ते म्हणाले. "महिन्याभरात दोन किलो तरी नक्की."

"नाही," बायको म्हणाली.

"नाही काय? माझ्या हाताला कळत नाही होय?"

"नाही."

मास्तर हसले. डोक्याला मार बसल्यापासून तिच्याकडे जे मोजके शब्द उरले होते, त्यांत 'नाही' हा सगळ्यात धडधाकट होता. चहा हवा का म्हटलं की नाही, आणि कप मात्र रिकामा व्हायचा. झोप आलीय का, तर नाही, आणि डोळे मिटलेले. कधी कधी मधेच रडू यायचं तिला, कधी भलत्याच वेळी हसू, आणि दोन्हीच्या शेवटी एक 'नाही' असायचंच. तेव्हा तिचं नाही मास्तर फारसं मनावर घेत नसत. त्यांचा विश्वास आपल्या हातावर होता.

आणि तो उगाच नव्हता. सगळा बाजार त्यांना काटेमास्तर म्हणायचा. दुकानांमधले काटे दुरुस्त करणं, ते खरं वजन दाखवतात की नाही हे तपासणं, हा त्यांचा धंदा. मास्तर म्हणायचं कारण म्हणजे त्यांची शिस्त. काट्यात केसाएवढा फरक निघाला तरी दुकानदाराला ते शाळेतल्या पोरासारखं उभं करून बोलायचे, "मापात पाप नको, शेठ. गिऱ्हाईक आंधळं नसतं, नुसतं घाईत असतं." एवढं बोलून घेऊनही लोक त्यांनाच बोलवायचे. बटाट्याचा व्यापारी हटकून एखादी पिशवी त्यांच्या हातात द्यायचा आणि विचारायचा, "मास्तर, किती?" मास्तर पिशवी एकदा वर-खाली करत, आकडा सांगत, आणि मग ती काट्यावर ठेवली की फरक पडलाच तर चिमूटभराचा. 'काटा एक वेळ चुकेल, मास्तरांचा हात चुकायचा नाही,' असं बाजारात बोललं जायचं. मास्तर ते न ऐकल्यासारखं करत, म्हणजे अगदी नीट ऐकत.

बायकोही त्यांना काट्यापायीच भेटली होती. ती एका किराणा दुकानात काउंटरवर उभी असायची. तरुणपणी मास्तर तिथे काटा तपासायला गेले आणि तास झाला तरी हटेनात. शेवटी ती म्हणाली, "अहो, काटा केव्हाच बरोबर झालाय. आता तुम्हीच जरा बरोबर वागा, मागे गिऱ्हाइकं खोळंबलीत." मास्तरांचे कान लाल झाले. पुढच्या आठवड्यात तोच काटा पुन्हा 'बिघडला', आणि मग लग्नच झालं. मूलबाळ झालं नाही. पण घरात बोलणं कधी कमी पडलं नाही, कारण ती दोघांच्या वाटचं बोलायची.

त्याच दुकानात, दोन वर्षांपूर्वी, वरच्या फळीवरचा डबा काढताना ती शिडीवरून पडली. डोकं काउंटरच्या कडेवर आपटलं. जगते की जाते अशा अवस्थेत बरेच दिवस गेले, मग ती जगली, आणि घरी आली ती अशी. डावी बाजू लुळी, शब्द गेलेले, आणि आतमध्ये ती किती शिल्लक आहे याचा कुणालाच पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले, हळूहळू होईल. मास्तरांनी ते 'हळूहळू' तेवढं उचललं. सकाळी तिचं सगळं आवरून, तिला खिडकीशी बसवून ते बाजारात जात, दुपारी येऊन तिला खाऊ घालत, पुन्हा जात, आणि संध्याकाळी लवकर परतत. नातेवाईक फोनवरून सल्ले देत. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचे मास्तर आभार मानत आणि फोन ठेवून देत.

घरात खरी पायधूळ झाडायची ती एकटी धाकटी. म्हणजे बायकोची बहीण, मास्तरांची मेहुणी. बसच्या आगारात तिकिटांच्या खिडकीवर तिचं काम. सुट्टीच्या दिवशी ती यायची, बहिणीला न्हाऊ घालायची, केस विंचरायची आणि तोंडाने मास्तरांची झाडाझडती घ्यायची.

"भाऊजी, ताई जाड झाली म्हणता, ती कुठून? गाऊन बघा, कसा खांद्यावरून घसरतोय."

"तो धुऊन धुऊन सैल झालाय."

"आणि तुमचे गाल? तेही धुऊन सैल झालेत का?"

"तुझं खिडकीतून बघायचं काम," मास्तर म्हणाले. "माणसाचा अर्धा चेहरा आणि पैसे धरलेला हात, एवढंच तुला दिसतं. अंदाज घ्यायचं काम माझं."

धाकटी गप्प बसणाऱ्यांतली नव्हती, पण त्या दिवशी सुट्टी असूनही तिला आगारात बदली कामावर जायचं होतं, ती निघून गेली.

तिने जे पाहिलं होतं ते मास्तरांनाही दिसत होतं, फक्त त्याचा अर्थ ते आपल्या सोयीचा लावत होते. पट्ट्याला त्यांनी खिळ्याने दोन नवी भोकं पाडली होती आणि उरलेला पट्टा जिभेसारखा बाहेर लोंबत होता. तो धावपळीचा परिणाम. घशाला सारखी कोरड पडायची, पाण्याच्या बाटलीवर बाटली रिकामी व्हायची. ती बाजारातल्या धुळीने. फार पूर्वी डॉक्टरांनी साखर आहे म्हणून एक गोळी लावून दिली होती. ती संपली, दवाखान्यातली रांग लांब, आणि बायकोला तेवढा वेळ एकटं ठेवायचं कसं? म्हणून गोळी राहिली ती राहिलीच. बुटाने अंगठ्याला झालेली जखम काही केल्या भरत नव्हती. तिच्यावर ते रोज पट्टी बदलत आणि वर मोजा चढवत. दुनियेचे काटे तपासणारा हा माणूस स्वतः मात्र कितीतरी वर्षांत कुठल्याच काट्यावर उभा राहिला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिचं वजन वाढतंय याचा मास्तरांना सुरुवातीला आनंदच झाला होता. आजारी माणसाच्या अंगी अन्न लागतंय म्हणजे ते बरं होतंय, हा सरळ हिशेब. त्यांनी बाजारात दहा जणांना ते सांगितलंही. पण दर आठवड्याला ती आणखी जड लागायला लागली, तेव्हा आनंदाची जागा काळजीने घेतली. ही अशीच वाढत गेली तर उद्या आपल्याला उचलवणार कशी? आणि आपल्याला उचलवली नाही तर हिला उचलणार कोण? मग मास्तरांनी, पूर्ण शुद्धीत, तिच्या भल्यासाठी, तिचं खाणं कमी केलं. सकाळच्या दोन पावांचा एक झाला, त्यावरचं लोणी गेलं, रात्रीचं दूध अर्ध्यावर आलं. ती ताटलीकडे बघून "नाही, नाही" म्हणायची. मास्तर तिची हनुवटी पुसत आणि म्हणत, "थोडे दिवस गं. जरा हलकी हो, मग पुन्हा सुरू करू."

एका दुपारी ते तिला खुर्चीतून पलंगावर घ्यायला गेले. मान खांद्यावर, गुडघ्याला टेकू, एक, दोन. ती वर आली, अर्धं वळण झालं, आणि मास्तरांचे पाय त्यांना न विचारता वाकले. पडले म्हणता येणार नाही. पलंगाच्या कडेला पाठ घासत दोघं हळूहळू खाली आले आणि जमिनीवर बसले, ती त्यांच्या मांडीवर. लागलं कुणालाच नाही. मास्तरांनी उठायचा प्रयत्न केला. पुन्हा केला. मग हात टेकून ते नुसते बसून राहिले. बायकोला हसू फुटलं. तिचं ते भलत्या वेळचं हसू. ती हसत राहिली, आणि मग तेच हसू रडण्यात गेलं, आणि मास्तर तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिले, "केवढी जड झालीस गं. केवढी जड झालीस."

धाकटी कामावरून परस्पर आली म्हणून बरं, नाहीतर दोघं तिथेच राहिली असती. तिने आपल्या किल्लीने दार उघडलं, बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती काही बोलली नाही. खालच्या मजल्यावरच्या दोघी बायकांना हाक मारून तिने आधी बहिणीला उचलून घेतलं, मग भाऊजींना. निघताना दारात एवढंच म्हणाली, "उद्या इस्पितळात जायचं. मी रजा टाकतेय."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "तिच्या वजनाचं काहीतरी बघायलाच हवं."

इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. वयाने लहान, पायात पळायचे बूट, बोलणं थोडकं. बायको घरी आली त्या पहिल्या वर्षी त्यांनीच तिला बसायला शिकवलं होतं. नंतर मास्तरांनी येणं कमी करत करत सोडलं, कारण एका फेरीत बाजारचा अख्खा दिवस जायचा. बाईंनी खुर्चीसकट बायकोला जमिनीलगतच्या मोठ्या काट्यावर चढवलं, खुर्चीचं वजन वजा केलं, आणि जुना कागद काढून पाहिला.

"एक्कावन्न. मागे पंचावन्न होत्या." त्यांच्या कपाळाला आठी पडली. "काका, जेवण नीट जातंय ना त्यांचं?"

मास्तर समजूतदारपणे हसले. "मॅडम, तुमचा काटा खोटा आहे."

"नुकताच तपासून गेलेत."

"कोण?"

"कंपनीचा माणूस."

"कंपनीचा माणूस," मास्तर धाकटीकडे बघून म्हणाले, आणि त्या तीन शब्दांत त्यांनी त्या माणसाचा सगळा निकाल लावला. मास्तर आणि त्यांची वजनांची चाकाची पेटी वेगवेगळे कुणी पाहिले नव्हते. आजही ती बरोबर होतीच, टॅक्सीवाल्याने उतरवून दिलेली. त्यांनी कुलूप काढलं, बाह्या सारल्या, आणि खोलीतले सगळे जण बघत असताना ते कामाला लागले. गेल्या कित्येक दिवसांत धाकटीने त्यांच्या चेहऱ्यावर एवढी तरतरी पाहिली नव्हती.

आधी काटा रिकामा करून शून्य पाहिलं. मग पाच किलोचं वजन काट्याच्या एका कोपऱ्यावर ठेवलं. पाच. दुसऱ्या कोपऱ्यावर. पाच. खोटा काटा बहुतेक वेळा कोपऱ्यात पकडला जातो, हे मास्तरांचं आवडतं वाक्य, पण तिसऱ्या आणि चौथ्या कोपऱ्यावरही पाचच आले. मधोमध पाच. त्याच्या जोडीला दहाचं ठेवलं, पंधरा झाले. मास्तरांनी चष्मा पुसला.

"लहान वजनाला सगळेच काटे साव असतात, मॅडम. भार पडला की खरे रंग दिसतात," ते म्हणाले, आणि वीस किलोचं लोखंडी वजन घ्यायला वाकले.

हे वजन ते आयुष्यभर एका हाताने उचलत आले होते. ते एका हातात आणि दुसऱ्या हातात हत्यारांची पिशवी, असे ते तीन-तीन जिने चढले होते. हल्ली मात्र दुकानातली माणसं मानाने पुढे होऊन ते पेटीतून काढून देत, आणि मास्तरही देऊ देत. आज त्यांनी कडीला हात घातला आणि ओढलं. वजन वीतभर वर आलं आणि धाडकन पेटीत बसलं. मास्तरांनी दुसरा हात लावला. या वेळी ते तेवढंही आलं नाही.

मास्तर वाकलेलेच राहिले. त्या लोखंडावरचा शिक्का त्यांच्या डोळ्यांसमोर होता. जगात सगळ्याचं वजन कमी-जास्त होईल, या एकाचं होणार नाही, म्हणून तर सगळे काटे त्याच्यावर तपासायचे. ते वीसच होतं. काल वीस होतं, उद्याही वीस असणार होतं.

ते सरळ झाले. पेटीचं झाकण लावलं. मग, दुकानदारांना निकाल सांगताना काढत त्याच आवाजात ते म्हणाले, "काटा खरा आहे."

बाईंनी त्यांच्या कोपराला हलकेच धरलं. "काका, आता तुम्ही उभे राहा."

मास्तर बूट काढून काट्यावर उभे राहिले. आकडा त्यांनी स्वतःच वाचला. त्यांच्यातून दहा-बारा किलोचा माणूस कुणीतरी त्यांच्या नकळत काढून नेला होता. बूट काढल्यामुळे मोजाही दिसला, आणि मोज्यावरचा पिवळा डागही. मग बोटाला सुई टोचली गेली, डॉक्टर आले, त्यांनी अंगठा बघितला आणि आवाज चढवला. साखर इतकी वाढलीय की हा माणूस चालतोय कसा याचंच नवल. अंगठा वाचवायचा असेल तर आजच्या आज दाखल व्हा, नाहीतर पुढच्या वेळी पायाबद्दल बोलावं लागेल. आणि उचलायचं काहीही नाही, पिशवीसुद्धा नाही.

"जमणार नाही," मास्तर म्हणाले. "हिला कोण उचलणार?"

"आमच्याकडच्या मावशी आहेत, शिकलेल्या," बाई म्हणाल्या. "घरी पाठवू. आणि काका, सांभाळणाऱ्यांची तपासणी आम्ही इथेच करतो, दर बुधवारी. औषध, सल्ला, दोन घटका बोलणं, सगळं. तुम्ही बुधवारीच यायचात की. त्याच दाराबाहेरच्या बाकावर बसायचात."

"दारावरची पाटी वाचली होती. पण ते सांभाळणाऱ्यांसाठी होतं ना."

"मग?"

"मी कुठला सांभाळणारा?" मास्तर खरोखरच बुचकळ्यात पडून म्हणाले. "मी तिचा नवरा आहे."

इतका वेळ आवरून धरलेलं धाकटीचं तोंड सुटलं.

"नवरा आहात म्हणून काय एकट्यानेच मरायचं? तिला दुसऱ्याचा हात चालत नाही म्हणता, तुम्ही लावू दिलात कधी कुणाला हात? उचलायची वेळ आली की मला सुद्धा बाजूला सारता. ती वाळत चाललीय, तुम्ही वाळत चाललाय, आणि तुमचा हिशेब काय, तर ही जड झाली! तिच्या तोंडचा पाव काढलात, भाऊजी!"

शेवटचं वाक्य बोलून ती स्वतःच दचकली. मास्तरांनी मान खाली घातली. ते खरं होतं, आणि खरं म्हटल्यावर मास्तर त्याच्याशी कधी भांडत नसत.

तेवढ्यात खुर्चीतून बायकोने आपला चालता हात पुढे केला. मास्तर तिच्याजवळच उभे होते. तिने त्यांच्या पट्ट्याचं लोंबणारं टोक चिमटीत धरलं, ओढलं आणि त्यांच्याकडे वर बघितलं.

"नाही," ती म्हणाली.

टोक तिने सोडलं नाही. आणखी जोरात ओढलं, त्या नव्या भोकांपाशी आणलं, आणि पुन्हा म्हणाली, "नाही. नाही."

काउंटरमागे उभं राहून तिने आयुष्यभर माणसं पाहिली होती. कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेलीय, हे तिला सामान बांधता बांधता कळायचं. खिडकीशी बसून ती रोज आपल्या नवऱ्याला येता-जाता बघत होती, आणि रोज सांगत होती. तिच्याकडे सांगायला शब्द एकच होता, आणि मास्तरांनी तो मोडीत काढला होता.

"होय गं," मास्तर म्हणाले. "होय. बरोबर आहे तुझं."

एक रात्र त्यांनी मागून घेतली. डॉक्टर कुरकुरले, इंजेक्शन दिलं, आणि सकाळी आला नाहीत तर मी स्वतः उचलून आणीन म्हणाले. त्या संध्याकाळी धाकटी त्यांच्या घरीच राहिली. मास्तरांनी बायकोला दोन पाव दिले, लोणी लावून, आणि वर कपभर दूध. तिने सगळं संपवलं आणि रिकाम्या ताटलीवर बोट फिरवून ते चाटलं. मास्तरांना ते बघवेना. त्यांनी तिसरा पाव कापला. "चुकलो मी," ते तिच्या पुढ्यात बसून म्हणाले. "मला वाटलं तू वाढतेयस. मीच संपत चाललो होतो, आणि शिक्षा तुला केली." ती पाव चावत त्यांच्याकडे बघत होती. तिला किती कळलं कोण जाणे. आजपर्यंत आपल्याला वाटायचं त्यापेक्षा तिला बरंच जास्त कळतं, एवढं मात्र मास्तरांना आता कळलं होतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती आणि धीरही.

सकाळी मावशी आल्या. रुंद बांधा, बाह्या दुमडलेल्या, आणि आल्या आल्या बायकोच्या गालाला हात लावून, "काय बाई, गट्टी जमणार ना आपली?" बायको नाही म्हणाली. "चला, जमली," मावशी म्हणाल्या.

धाकटीने भाऊजींसाठी पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. तो घालून, हातात कपड्यांची लहान पिशवी घेऊन मास्तर तयार होते. पण पाय निघत नव्हता. "आधी मान खांद्यावर घ्यायची. डाव्या गुडघ्याला टेकू द्यायचा, तो दगा देतो. आणि तीन म्हणायचं, एकदम ओढायचं नाही."

"कळलं, मास्तर."

"तिला घाई चालत नाही."

"आणि पिशवी का उचललीत? ती खाली ठेवा आधी, तुमच्या मेहुणीबाई घेतील," मावशी म्हणाल्या. "तुम्ही असे दारात उभे राहा. तिकडे. आणि बघा, जमतंय का मला."

मास्तर पिशवी ठेवून दारात उभे राहिले. मावशी पलंगाशी वाकल्या, मान खांद्यावर घेतली, गुडघ्याला गुडघा लावला. एक, दोन. मास्तरांनी नकळत श्वास रोखला, त्यांचेही गुडघे जरासे वाकले. तीन. बायको वर आली.

आणि मास्तरांना तिचा चेहरा दिसला. दोन वर्षं त्यांनी तिला रोज उचललं होतं, पण उचलताना ती नेहमी त्यांच्या खांद्यापलीकडे असायची. त्या वेळी तिचा चेहरा कसा होतो, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आता मावशींच्या खांद्यावरून तो त्यांच्याकडे होता. डोळे उघडे होते. त्या अर्ध्या वळणात ती खिडकी बघत होती, भिंत बघत होती, दारातल्या नवऱ्याकडे बघत होती, गाडीत बसलेलं माणूस बाहेर बघतं तशी निवांत. तिचा चालता हात मावशींच्या पाठीवर नुसता टेकलेला होता. बोटं सैल, उघडी.

मास्तरांना ठाऊक असलेला तिचा हात असा नव्हता. ते तिला उचलत तेव्हा तो त्यांच्या पाठीवरचा शर्ट मुठीत धरायचा, आवळून, नखं कातड्याला लागतील इतका. मास्तरांना वाटायचं, बळ येतंय हाताला. ते बळ नव्हतं. ती भीती होती. हा माणूस कधीतरी आपल्यासकट कोसळणार हे तिला ठाऊक होतं, आणि रोज, प्रत्येक वेळी, तरीही ती त्यांच्या खांद्यावर मान टाकत होती.

"बसल्या बघा आमच्या बाई," मावशी म्हणाल्या आणि तिच्या पायांवर शाल सारखी केली. "हलक्याफुलक्या आहेत की."

"हो," मास्तर म्हणाले. "हलकी आहे."

खालून धाकटीने टॅक्सी आल्याची हाक दिली, आणि वर येऊन पिशवी घेऊन गेली. मास्तर बायकोजवळ गेले, तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि येतो म्हणाले. तिने या वेळी नाही म्हटलं नाही. मास्तर दार ओढून घेऊन बाहेर आले. बाजारात जाण्याआधी जिन्यात थांबून, हात मागे नेऊन पाठीवरच्या चुण्या सारख्या करायची त्यांची रोजची सवय होती. आजही ते पहिल्या पायरीवर थांबले आणि हात मागे नेला. शर्टाची इस्त्री कडक होती. तो कुठेच चुरगळला नव्हता.